गाविलगडच्या डोंगरातील चैत्र-वैशाख : हवामान व पदभ्रमणातील धोके

अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या उत्तरेस सातपुड्याची जी शाखा पूर्व-पश्चिम पसरली आहे, तिला गाविलगडचे डोंगर म्हणतात. दक्षिणेस पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे आणि त्यातून एकाएकी उठलेला काळ्या दगडाचा कडा. उत्तरेस मात्र तापीकडे उतरत जाणाऱ्या रांगा व खोल दऱ्या, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. अकोला शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंच आहे, चिखलदऱ्याचे पठार सुमारे १,१०० मीटर, आणि या रांगेतील सर्वोच्च स्थान वैराट १,१७८ मीटर. फाल्गुनाच्या अखेरीपासून ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत येथील हवा जे रूप धारण करते, ते समजण्यास प्रथम हा उंचीचा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

उंच पर्वतांत वसंत ऋतूतील संकटे म्हणजे वितळते बर्फ, हिमकडे व गारठा. गाविलगडच्या डोंगरात यांपैकी काहीच नाही. म्हणून येथील भ्रमण निर्धोक आहे, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. येथील संकट शिखरावर नसून दरीत आहे. आणि ते विशिष्ट स्थळाचे असण्यापेक्षा विशिष्ट वेळेचे आहे. सकाळी जी वाट सुखाची असते, तीच दुपारी प्राणावर बेतू शकते.

याचे कारण हवेच्या स्वभावात आहे. कोरडी हवा वर चढताना प्रसरण पावते व दर १०० मीटरांस सुमारे १ अंश सेल्सियस या प्रमाणात थंड होते. खाली उतरताना त्याच प्रमाणात तापते. उन्हाळ्यातील दुपारी हवा खालीवर चांगली घुसळली जात असल्यामुळे हा हिशेब बराचसा लागू पडतो. पायथ्याशी ४३ अंश तापमान असेल, तर ७०० मीटर वरच्या पठारावर ते ३६ अंशांच्या आसपास असते. चिखलदऱ्यास थंड हवेचे ठिकाण म्हणून जी प्रतिष्ठा लाभली, ती याच नियमामुळे.

रात्री मात्र हा क्रम उलटतो. निरभ्र आकाशाखाली जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते. उतारांवरील थंड झालेली, म्हणून जड झालेली हवा पाण्याप्रमाणे ओघळत दरीच्या तळाशी साचते. परिणामी पहाटे दरीचा तळ पठाराहूनही गार असण्याचा संभव असतो. पठारावरून पहाटे निघालेला पांथस्थ या गारव्यात उतरत जातो. उतार असल्यामुळे श्रम थोडे होतात, तहान लागत नाही, आणि पाण्याचा साठा पुरेसा आहे असे त्यास वाटते. परतीच्या वेळी तिन्ही गोष्टी पालटलेल्या असतात. चढण पुढे असते, पाणी सरत आलेले असते, आणि तळाचा गारवा नाहीसा होऊन तेथे पठारापेक्षा कितीतरी अधिक ऊन तापलेले असते. सामान्य डोंगरात चढण आधी व उतार मागाहून येतो, म्हणून थकलेला मनुष्य परत फिरून उतरू शकतो. पठारावरून दरीत उतरणाऱ्यास ही सवलत नाही.

अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याची स्थिती याहून वेगळी आहे. तेथे पायथ्याच्या शहानूर गावाकडून वर जावे लागते, म्हणजे चढण आधी येते. परंतु तेथील उतार बहुतांशी दक्षिणाभिमुख आहे. एप्रिलच्या मध्यास या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य डोक्यापासून केवळ ११ ते १२ अंश दक्षिणेस ढळलेला असतो, आणि मेच्या अखेरीस तो थेट माथ्यावर येतो. दक्षिणेकडे झुकलेल्या जमिनीवर त्याचे किरण त्यामुळे जवळजवळ लंबरूप पडतात. काळा बेसाल्ट खडक ती उष्णता शोषून घेतो व सूर्य कलल्यावरही बराच वेळ परत टाकीत राहतो.

तापमानाचा जो आकडा वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतो, तो हवा खेळेल अशा पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजलेला असतो. चैत्रातील सागवनात मात्र सावलीच नसते. साग या काळात निष्पर्ण असतो. शिवाय भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी भागासाठी किमान ४० अंश व डोंगराळ भागासाठी ३० अंश ही मर्यादा धरतो. उंच ठिकाणचा थोडा आकडाही दुर्लक्षणीय नसतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. चिखलदऱ्याचा आकडा पाहून दरीत उतरणे म्हणजे एका गावचा भाव विचारून दुसऱ्या गावच्या बाजारात जाणे होय.

हवेच्या कोरडेपणाचा परिणाम अधिक फसवा आहे. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी वऱ्हाडात सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. अशा हवेत घाम येताक्षणीच उडून जातो. अंग कोरडे राहते, म्हणून घाम आलाच नाही असे वाटते. वस्तुतः चढण चढणाऱ्याच्या शरीरातून तासाला १ लिटर वा त्याहूनही अधिक पाणी निघून जाऊ शकते. डोके दुखणे, पायांत वांब येणे, मळमळ ही पहिली चिन्हे होत. बोलण्यात असंबद्धता आली किंवा भान सुटू लागले, तर तो उष्माघात समजावा. अशा माणसास चालविण्याचा प्रयत्न न करता सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा व विनाविलंब वैद्यकीय साहाय्य मिळवावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

उष्णतेच्या पाठोपाठ येतो तो वादळाचा धोका. या ऋतूत वायव्येकडील कोरडे वारे व बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारे यांची संधिरेषा अनेकदा विदर्भावरून जाते. तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेस ही आर्द्रता मिळाली, आणि डोंगराच्या कड्याने तिला आणखी वर लोटले, की दुपारनंतर गडगडाटी मेघ उभे राहतात. वीज, गारा व सोसाट्याचा वारा ही त्यांची अपत्ये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली दीर्घ गारपीट विदर्भानेही अनुभवली. सकाळी आकाश स्वच्छ असणे ही दुपारची हमी नव्हे. मध्यान्हीपूर्वीच कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उंच वाढू लागणे, आणि पुढे तापलेल्या हवेत एकाएकी थंड, धुळीचा झोत येणे, या खुणा ओळखाव्यात. तो झोत सुखद वाटतो. परंतु तो मेघातून खाली कोसळणाऱ्या हवेचा असून वादळ येऊन ठेपल्याचे सांगतो.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत लागणाऱ्या दर ३ सेकंदांस १ किलोमीटर असे अंतर धरतात. हे अंतर ३० सेकंदांहून कमी असल्यास कड्याची धार, बुरूज, उघडे पठार व एकटे झाड तत्काळ सोडावे. किल्ल्यावरील उघडी छत्री पावसापासून बचाव करील, विजेपासून नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटेपर्यंत पुन्हा उघड्यावर येऊ नये. कोरड्या नाल्याच्या पात्रातही आसरा घेऊ नये. वरच्या बाजूस पाऊस झाला, तर खाली थेंबही न पडता लोंढा येतो.

तिसरे संकट वणव्याचे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वनविभाग आगीचा हंगाम मानतो. सागाचा पाला व वाळके गवत यांना ठिणगी पुरते. आणि ज्वाळा वरच्या बाजूचे गवत आधीच तापवून सुकवीत असल्यामुळे आग चढावर अधिक वेगाने धावते. म्हणून आगीपासून पळताना चढ धरणे घातक ठरते. आगीच्या बाजूस सरकून जळालेल्या किंवा उघड्या खडकाळ जागी जाणे हितकर असते.

या तिन्ही संकटांवरील उपाय घड्याळात आहे. मेळघाटातील कोरकू कुटुंबे मोहाची फुले वेचण्यास पहाटेच बाहेर पडतात. फुले रात्रीच्या अखेरीस गळतात हे त्याचे एक कारण, आणि ऊन चढण्यापूर्वी काम उरकणे हे दुसरे. हौसेने हिंडणाऱ्याने हाच दंडक पाळावा. वनविभागाच्या परवानगीने व माहितगार माणसासह सूर्योदयास निघावे, जवळील निम्मे पाणी परतीच्या चढणीसाठी राखावे, आणि दहाच्या सुमारास ती चढण संपलेली असावी. ठरलेल्या वेळी स्थळ गाठले गेले नाही, तर ते तसेच सोडून परतावे. किल्ला मार्गशीर्षातही तेथेच असतो.