भाड्यासाठी घर घेताना

सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेला प्रॉव्हिडंट फंड कोठे गुंतवावा, हा प्रश्न उभा राहिला की मध्यमवर्गीय गृहस्थाचे मन प्रथम घराकडे वळते. ठेवीचे व्याज उतरते, भाडे मात्र चढत जाते, आणि भिंती तर डोळ्यांना दिसतात! ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. तथापि राहण्याकरिता घर घेणे निराळे आणि भाड्याकरिता घेणे निराळे. पहिल्यात हवा, उजेड, शेजार यांचा विचार शोभतो. दुसऱ्यात हिशेबाची वही आधी उघडावी लागते.

जुने जाणकार इमारतीची किंमत किती वर्षांच्या भाड्याएवढी आहे, अशा भाषेत बोलत. ती रीत आजही सोडण्यासारखी नाही. समजा, मुंबईच्या एखाद्या उपनगरात ८० लाख रुपयांचा फ्लॅट आहे आणि त्यास दरमहा २० हजार भाडे येते. म्हणजे किंमत तेहतीस वर्षांच्या भाड्याहूनही अधिक झाली. दलाल सांगतो, दरसाल दरशेकडा ३ रुपये सुटतात. वस्तुतः ते सुटत नाहीत. शेकडा ६ प्रमाणे मुद्रांक शुल्काचे ४ लाख ८० हजार आणि नोंदणीचे ३० हजार मिळविले की गुंतलेली रक्कम ८५ लाख १० हजार होते. इकडे वर्षाच्या २ लाख ४० हजार भाड्यातून जागा एक महिना रिकामी राहिल्याचे २० हजार, सोसायटीचे ३६ हजार, घरपट्टीचे १२ हजार, रंगरंगोटी व नळदुरुस्तीचे २० हजार, दलाली व करारनाम्याचे १२ हजार वजा घातले, तर हाती १ लाख ४० हजार उरतात. हे शेकडा पावणेदोनही नव्हेत. आयकर अजून दारातच उभा आहे.

यातच कोणी ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सव्वाचार लाखांच्या आसपास जाते. भाड्याने हप्ते फिटतील, असे म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहावा. पुढे जागेचा भाव वाढेल, ही आशा असण्यास हरकत नाही. परंतु ती आशा आहे, उत्पन्न नव्हे. दरमहा औषधपाणी आणि वाणसामान भागवावयाचे असेल त्या वृद्ध दांपत्यास भिंतीचा एक तुकडा विकून पैसे उभे करता येत नाहीत.

क्वचित याच्या उलट मोह पडतो. भाडेकरूंसह जुनी चाळ स्वस्तात मिळते. येथे आकड्यांपेक्षा कायदा पाहावा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडून टाकली. ही तरतूद काळानुसार गैरवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. त्यानंतर २००० साली अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने वर्षाला शेकडा ४ वाढीची मुभा दिली. पण ३०० रुपयांवर ४ टक्के म्हणजे १२ रुपये! त्यात गळके छप्पर कसे शाकारणार? त्याच अधिनियमाने पागडीच्या देवघेवीसही मान्यता दिली आहे. अशा चाळीचा मालक कागदावर मालक खरा. जागा मोकळी करून घेणे मात्र त्याच्या हाती नसते.

म्हणूनच आज बहुतेक जागा लिव्ह अँड लायसन्सच्या कराराने दिल्या जातात. हा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. तो नोंदलेला नसेल, तर अटींविषयी तंटा उद्भवल्यास राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे मानले जाते. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क मागता येते. हजार-दोन हजारांच्या बचतीसाठी नोंदणी टाळणारे शहाणे पुष्कळ आढळतात. त्यांची गाठ पुढे वकिलाशी पडते.

राहिला प्रश्न खऱ्या भाड्याचा. विकणारा सांगतो तो आकडा जमेस धरू नये. त्याच इमारतीतील दोन-तीन बिऱ्हाडांकडे जाऊन प्रत्यक्ष काय देतात ते विचारावे, चालू करारनामा पाहावा. मागच्या तीन वर्षांत जागा किती महिने रिकामी होती, हे पहारेकऱ्यास बहुधा ठाऊक असते. सोसायटीच्या थकबाकीचा दाखला आणि इमारतीचा भोगवटा दाखला पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. एवढे झाल्यावरही वजावटीनंतरचे उत्पन्न ठेवीच्या व्याजाच्या निम्म्यानेही भरत नसेल, तर किंमत कमी करण्याविषयी बोलावे, नाही तर दुसरी जागा पाहावी.