पाण्याची इंजिनिअरिंग

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी शुद्ध करणे, सांडपाणी पुन्हा वापरात आणणे हे पर्यावरण अभियंत्याचे काम. मराठवाड्याला त्याची गरज सांगायला नको.

उमरीच्या मुलामुलींनी बारावीला गणित, भौतिक व रसायनशास्त्र घेऊन सीईटी द्यावी. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी संस्थेत सिव्हिल शाखा आहे. पदवीनंतर ‘गेट’ देऊन पर्यावरणात एम.टेक. करता येते. पुढे सल्लागार कंपन्या, प्रदूषण नियंत्रण मंडळ, नागपूरची ‘नीरी’ अशी क्षेत्रे आहेत. फीसाठी मौलाना आझाद महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

पालकांनो, दहावीनंतर मुलीला गणित सोडायला लावू नका. हंडे वाहणारी मुलगी उद्या गावाची पाणीयोजना उभारू शकते.