प्रश्नांचा मुखत्यारनामा

सत्तेला प्रश्न विचारल्याने समाजाचे भले होते का? याचे उत्तर आपण बहुधा तत्त्व सांगून देतो. पुणे सार्वजनिक सभेची पहिली सत्तावीस वर्षे पाहिली, तर ते अधिक नेमके देता येते.

सभेचे मूळ पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींत आहे. पंचांना जाब विचारायचा, तर ‘विचारणारे तुम्ही कोण?’ हा प्रतिप्रश्न येणारच. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे वकील होते. तोडगाही वकिलीच निघाला. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली, ती सभासदाने किमान ५० प्रौढांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा, या अटीवर. सुमारे ६,००० लोकांच्या वतीने ९५ सभासद निवडले गेले. मतदानाचा हक्क कोणालाच नसलेल्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

१८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि प्रश्नाला माहितीची जोड मिळाली. शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी झाली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून हकिकती मिळवून सरकारला पत्रांमागून पत्रे धाडली. त्याच सुमारास सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणण्याचा आग्रह धरला होता. खडी फोडणारा माणूस एवढ्यावर जगेल का, हा वाद शेवटी पोटाचा होता. मजुरांनी कामे सोडली. सभेने त्यांची बाजू कागदावर मांडली.

याने दुष्काळ टळला नाही. लाखो माणसे गेली. टेंपलसाहेब तर १८७७ मध्येच मुंबईचे गव्हर्नर झाले. पण जनतेत आणि खुद्द सरकारी वर्तुळातही उठलेल्या वादानंतर दुष्काळ आयोग नेमला गेला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांचे श्रेय एकट्या सभेचे नव्हे. फरक मात्र मोठा पडला: मदत आता केवळ साहेबाची मेहेरबानी उरली नाही, तिला लेखी नियम आला.

नियम आला की प्रश्नाला धार येते. १८९६ च्या दुष्काळात सभा टिळकांच्या पक्षाकडे होती. तिच्या प्रतिनिधींनी गावोगाव जाऊन हाच नियम लोकांना समजावून सांगितला: पीक बुडाले तर साऱ्याची सूट किंवा तहकुबी मागता येते, काम मागता येते. सरकारचेच पुस्तक सरकारपुढे धरले गेले. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. अर्ज सहन झाले होते. अर्जाचा आधार शेतकऱ्याला कळणे सहन झाले नाही.

पण प्रश्न विचारणाऱ्यालाही कोणी विचारले पाहिजे. ते काम जोतीराव फुल्यांनी केले. ‘सार्वजनिक’ म्हणवणाऱ्या या सभेत शूद्रातिशूद्र कोठे आहेत, हा त्यांचा रोख होता. सरदार, इनामदार, सावकार, वकील यांच्या मुखत्यारनाम्यात कुणबी बसत नव्हता, हे खरेच होते. या टीकेमुळे सभेचे काम खोटे ठरत नाही. तिच्या अधिकाराची हद्द मात्र दिसते.

म्हणजे नुसत्या प्रश्नाने भले होत नाही. विचारणाऱ्यामागे माणसे हवीत, हातात माहिती हवी, बोट ठेवायला नियम हवा, आणि स्वतःवर आलेला प्रश्न ऐकण्याची तयारी हवी. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मोर्चे निघाले, विधिमंडळात जाब विचारला गेला, वर्तमानपत्रे बोलत राहिली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. शंभर वर्षांपूर्वी ज्या मजुरासाठी दुसऱ्यांनी अर्ज लिहिले, त्याला आता स्वतःच्या नावाने काम मागता येऊ लागले. त्या कायद्याची अंमलबजावणी नीट होते की नाही, हे विचारणारे मुखत्यार मात्र प्रत्येक पिढीला नव्याने नेमावे लागतात.