गर्भारपण, उदरगुहीय

फलित अंड गर्भाशयात न रुजता पर्युदराच्या (उदरगुहेच्या आतील पातळ आवरणाच्या) पोकळीत रुजून तेथेच गर्भ वाढू लागल्यास त्या अवस्थेला ‘उदरगुहीय गर्भारपण’ म्हणतात. अस्थानी गर्भारपणांपैकी सुमारे १ टक्का या प्रकारची असतात. गर्भ बहुधा प्रथम अंडवाहिनीत रुजतो व ती फुटल्यावर किंवा तिच्या मोकळ्या टोकातून उदरगुहेत येऊन पुन्हा रुजतो. वार आतडी, आंत्रबंध, वपाजाल किंवा गर्भाशयाचा बाह्य पृष्ठभाग यांवर पसरते. बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच रक्तस्राव होतो. क्वचितच गर्भ विसाव्या आठवड्यापलीकडे वाढतो.

अशा स्त्रीला सतत पोटदुखी असते व गर्भाच्या हालचालींनी वेदना होतात. गर्भ आडवा असतो आणि त्याचे अवयव पोटाच्या भिंतीखाली अगदी वर लागतात. श्राव्यातीत ध्वनितपासणीत गर्भाभोवती गर्भाशयाचे स्नायू दिसत नाहीत. शंका उरल्यास चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा घेतात. तरीही कित्येकदा निदान पोट उघडल्यावरच होते.

शस्त्रक्रिया टळल्यास मृत गर्भावर कॅल्शियमाचे थर बसून ‘अश्मगर्भ’ तयार होऊ शकतो. मध्य प्रदेशातील एका स्त्रीचा गर्भ १९७८ मध्ये दगावला होता. शस्त्रक्रियेच्या धास्तीने ती घरी परतली आणि २०१४ मध्ये, ३६ वर्षांनी, नागपूरच्या एन. के. पी. साळवे वैद्यकीय संस्थेत तिच्या पोटातून गर्भाचा सांगाडा काढण्यात आला. ही स्त्री वाचली, परंतु गर्भ पोटात राहू देणे सुरक्षित असते असे यावरून मानता येत नाही. जंतुसंसर्ग, गळू व आतड्यास छिद्र हे धोके असतातच.

गर्भ मृत असल्यास किंवा जगण्याच्या वयाचा नसल्यास निदान होताच शस्त्रक्रिया करणे हा सर्वसाधारण नियम आहे. गर्भ जिवंत व पुरेसा वाढलेला असेल, तर काही निवडक रुग्णांना रुग्णालयातच ठेवून थोडे आठवडे वाट पाहिली जाते. मात्र रक्तस्राव कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो. गर्भजल कमी असल्यामुळे मूल दबून त्याच्या अवयवांत विकृती येतात. म्हणून हा निर्णय आईवडिलांना सर्व सांगूनच घ्यावा लागतो.

खरी कसोटी मूल बाहेर काढल्यानंतर लागते. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावून वारेच्या जागेवरील रक्तवाहिन्या मिटवितो. आतड्याला किंवा आंत्रबंधाला तसे आकुंचन नाही. तेथील वार ओढून काढण्याचा मोह झाल्यास थांबविता न येणारा रक्तस्राव होतो. म्हणून तिला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या निश्चित बांधता येत असतील तरच ती काढतात. एरवी नाळ वारेजवळ बांधून कापतात व वार जागीच ठेवून पोट शिवतात. काही ठिकाणी शस्त्रक्रियेपूर्वी या वाहिन्या आतून बंद करतात.

रक्तपेढी, शुद्धिहरणतज्ञ, आतड्यांचा शस्त्रक्रियाविशारद व नवजात शिशुकक्ष एकाच ठिकाणी असणे म्हणूनच आवश्यक ठरते. कोल्हापूर जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे अशा रुग्णांचे स्वाभाविक ठिकाण होय. परंतु चंदगडहून तेथे यायचे तर शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. तेव्हा गरोदरपणातील पहिल्या तपासणीतच गर्भ गर्भाशयात आहे ना, हे पाहणे डोंगरी तालुक्यांत विशेष मोलाचे ठरते.

जागीच ठेवलेली वार शोषली जाण्यास अनेक महिने, कधी वर्षेही लागतात. तोवर रक्तातील गर्भारपण-संप्रेरकाची पातळी मोजून व ताप, पोटदुखी यांवर लक्ष ठेवून स्त्रीला तपासणीस बोलावतात. वार लवकर नष्ट व्हावी म्हणून पूर्वी मिथोट्रेक्सेट देत. पण मृत ऊतक एकदम साचून जंतुसंसर्ग होत असल्यामुळे आता बहुतेक तज्ञ ते टाळतात.