अवयवी आणि बस कॉम्प्रेसर

मंडळी, नैयायिक म्हणतात, अवयवी हा अवयवांहून वेगळा; बौद्ध म्हणतात, तो नुसता समूह. हा जुना वाद मला नातवाच्या लॅपटॉपवर पुन्हा भेटला.

गाण्याचे सगळे ट्रॅक ज्या एका वाटेनं एकत्र बाहेर पडतात, ती ‘बस’. तिथला कॉम्प्रेसर गायक कोण, ड्रम कुठला, हे पाहत नाही. बेरीज ठरावीक पातळीवर गेली, की सगळ्यांनाच मिळून दाबतो. ठोका पडला की गाणाराही किंचित खाली जातो, लगेच वर येतो. या सामाईक श्वासानं गाणं एकसंध वाटतं.

सुरुवातीला रेशो २:१ ठेवा. अॅटॅक ३० मिलिसेकंद, म्हणजे ठोक्याची धार आधी निसटते. रिलीज असा, की पुढच्या ठोक्याआधी काटा परत यावा. घट २ डेसिबलच्या आसपास पुरे.

मी प्लगइन लावून ‘वा!’ म्हणालो. नातू म्हणाला, “आजोबा, आवाज नुसता मोठा झालाय.” त्यानं मेकअप गेन कमी करून दोन्ही पातळ्या जुळवल्या. पाहतो तर काय, ड्रमचा जीवच गेलेला! मी फार दाबलं होतं.

मोठं ते चांगलं, हा कानाचा भ्रम आहे, बरं का. पातळी जुळवा, बायपास करून ऐका. प्लगइनशिवायच बरं वाटलं, तर काढून टाका.