रेव्हिटमध्ये रूम टॅग गडबडतोय? आधी टॅग नाही, रूम तपासा



रूम आणि रूम टॅगच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त येणारे प्रश्न साधारण असे असतात: "सर, टॅगमध्ये प्रश्नचिन्ह येतंय." "नॉट एन्क्लोज्ड लिहून येतंय." "एका प्लॅनमध्ये नावं दिसतात, दुसऱ्यात गायब." आणि मग बरेच जण काय करतात? टॅग डिलीट करतात, टेक्स्ट कमांड घेतात आणि हाताने "बेडरूम, 10.80 चौ.मी." असं लिहून मोकळे होतात. प्रिंट छान निघते. पण उद्या भिंत सरकली की नाव तिथेच आणि आकडाही जुनाच. तोच आकडा क्लायंटकडे, टाइल्सवाल्याकडे, कधी कधी विक्रीच्या ब्रोशरमध्येही जातो. म्हणून हा लेख नीट वाचा, शक्य असेल तर रेव्हिट शेजारी उघडं ठेवून वाचा.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

पहिली गोष्ट म्हणजे बाउंड्री: भिंती, कॉलम, रूम सेपरेटर लाइन. दुसरी म्हणजे रूम: त्या बाउंड्रीच्या आत ठेवलेली वस्तू. नाव, नंबर, क्षेत्रफळ हे सगळं रूमकडे असतं. तिसरा टॅग: तो फक्त रूमकडची माहिती वाचून दाखवतो. टॅगची स्वतःची माहिती काहीच नसते.

अजून एक फरक लक्षात ठेवा. रूम मॉडेलमध्ये असते, टॅग मात्र त्या एका व्ह्यूपुरता असतो. त्यामुळे टॅग डिलीट केला तरी रूम जागेवरच राहते. आणि रूम प्लॅनमधून डिलीट केली तरी ती शेड्यूलमध्ये "नॉट प्लेस्ड" म्हणून शिल्लक राहते.

आता एकेक लक्षण घेऊ.

1. नाव दिसतच नाही

आधी रूम आहे का ते बघा. व्हीजी टाइप करा, रूम्स कॅटेगरी उघडा आणि त्यातले इंटिरिअर फिल आणि रेफरन्स चालू करा. जिथे रूम नीट बसली आहे तिथे रंग भरलेला दिसेल.

रंग आहे, पण नाव नाही, म्हणजे फक्त टॅग नाहीये. रूम ठेवताना "टॅग ऑन प्लेसमेंट" बंद राहिलं असेल, किंवा व्ह्यू साध्या "डुप्लिकेट"ने कॉपी केला असेल. साध्या डुप्लिकेटमध्ये टॅग येत नाहीत, "डुप्लिकेट विथ डिटेलिंग"मध्ये येतात. उपाय सोपा आहे: ॲनोटेट टॅबमधलं "टॅग ऑल" घ्या, रूम टॅग्जवर टिक करा, ओके. ही कमांड फक्त चालू व्ह्यूमध्ये काम करते, त्यामुळे प्रत्येक मजल्याच्या प्लॅनमध्ये वेगळी चालवायची. टॅग ऑलनंतरही नावं आली नाहीत तर व्हीजीमध्ये ॲनोटेशनच्या टॅबवर रूम टॅग्ज बंद आहेत का तेही बघा.

रंगच नाही, तर फेज तपासा. जुन्या घराच्या रिनोव्हेशनमध्ये हे हमखास होतं. रूम एकाच फेजची असते. "एक्झिस्टिंग"मध्ये ठेवलेली रूम "न्यू कन्स्ट्रक्शन"च्या व्ह्यूमध्ये दिसणार नाही, तिथे नवीन रूम ठेवावी लागते. व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये फेज कोणती आहे ते आधी वाचा.

2. टॅगमध्ये "?" येतंय

बहुतेक वेळा टॅग त्याच्या रूमच्या बाहेर गेलेला असतो. छोट्या टॉयलेटमध्ये नाव मावत नाही, म्हणून आपण ते ओढून पॅसेजमध्ये नेतो. रेव्हिट वॉर्निंग देतं, आपण ती न वाचता बंद करतो. टॅग सिलेक्ट करून "लीडर" चालू करा किंवा टॅग परत आत आणा. लीडर असेल तर टॅग बाहेर ठेवला तरी चालतो.

तुम्ही स्वतः बनवलेल्या टॅगमध्ये एखादी माहिती येतच नसेल, उदाहरणार्थ "फ्लोअरिंगचा प्रकार", तर पॅरामीटर बघा. साधा प्रोजेक्ट पॅरामीटर टॅगला वाचता येत नाही. तो शेअर्ड पॅरामीटर असायला हवा, आणि तोच टॅग फॅमिलीच्या लेबलमध्ये आणि प्रोजेक्टमध्ये, दोन्हीकडे जोडलेला हवा. दोन्हीकडे त्याच नावाचे पण वेगवेगळे पॅरामीटर बनवले तर उपयोग नाही.

3. "नॉट एन्क्लोज्ड" येतंय

म्हणजे बाउंड्रीला कुठेतरी भोक आहे. या क्रमाने शोधा:

- भिंतींचे कोपरे झूम करून बघा. न जुळलेले कोपरे ट्रिमने जुळवा.
- भिंत सिलेक्ट करा, प्रॉपर्टीजमध्ये "रूम बाउंडिंग"ची टिक आहे का बघा. कोणीतरी ती काढलेली असू शकते.
- भिंतीचा बेस ऑफसेट बघा. रेव्हिट क्षेत्रफळ एका ठराविक उंचीवर मोजतं, ती लेव्हलच्या प्रॉपर्टीजमध्ये "कम्प्युटेशन हाइट" म्हणून असते. भिंत त्या उंचीच्या वर सुरू होत असेल तर प्लॅनमध्ये भिंत दिसेल, पण रूमच्या हिशेबात ती नसेल.
- भिंती लिंक केलेल्या फाइलमध्ये आहेत का? मग लिंक सिलेक्ट करून टाइप प्रॉपर्टीजमध्ये "रूम बाउंडिंग" चालू करा. आर्किटेक्टची फाइल लिंक करून काम करणाऱ्या इंटिरिअरवाल्यांचा वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो.

ओपन किचन आणि लिव्हिंगमध्ये भिंतच नसते, तिथे रूम सेपरेटर लाइन टाका, ती त्यासाठीच आहे. पण भिंतीतलं भोक झाकायला किंवा भिंतीवरूनच ती लाइन मारू नका. नंतर भिंत हलेल, लाइन हलणार नाही, आणि क्षेत्रफळ त्या लाइननुसार येत राहील.

4. "रिडंडंट रूम" येतंय

एकाच बंद जागेत दोन रूम आल्या आहेत. दोन खोल्यांमधली भिंत काढून हॉल मोठा केला की असं होतं. एक रूम काढा, पण शेड्यूलमधून काढा, म्हणजे ती "नॉट प्लेस्ड" म्हणून पडून राहणार नाही. उलट चुकून डिलीट झालेली रूम परत हवी असेल तर रूम कमांड घ्या आणि वरच्या ऑप्शन्स बारमध्ये "न्यू"ऐवजी यादीतून जुनी रूम निवडा. नाव, नंबर, फिनिश सगळं तसंच परत मिळतं.

5. टॅग दिसतोय, पण आकडा बरोबर आहे का?

इथे कुठलीही वॉर्निंग येत नाही, म्हणून हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

रूम अँड एरिया पॅनेलच्या नावाशेजारच्या बाणावर क्लिक करा आणि "एरिया अँड व्हॉल्यूम कम्प्युटेशन्स" उघडा. क्षेत्रफळ भिंतीच्या फिनिशपासून मोजायचं की भिंतीच्या मध्यापासून, हे इथे ठरतं. आतून 3.60 बाय 3.00 मीटरची खोली घ्या. फिनिशपासून क्षेत्रफळ येतं 10.80 चौरस मीटर. चारही भिंती 150 मिमीच्या असतील आणि मध्यापासून मोजलं, तर 3.75 गुणिले 3.15, म्हणजे 11.81 चौरस मीटर. एकाच खोलीत जवळजवळ 11 चौरस फुटांचा फरक! आणि ही सेटिंग पूर्ण प्रोजेक्टला लागू होते, एका खोलीला नाही.

आता रेराचा मुद्दा. 2016 च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या दिलेली आहे. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, फ्लॅटची स्वतःची बाल्कनी किंवा व्हरांडा आणि ओपन टेरेस हे त्यात धरत नाहीत. पण फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरतात. म्हणजे फिनिशवरच्या सगळ्या रूम टॅगची बेरीज केली तर आतल्या भिंती सुटतात, आकडा कमी येतो. सेटिंग मध्यावर ठेवली तर बाहेरच्या भिंतीची अर्धी जाडी आत शिरते. दोन्ही बेरजा रेराचा कार्पेट एरिया नाहीत. त्यासाठी वेगळा एरिया प्लॅन करा, व्याख्येप्रमाणे एरिया बाउंड्री स्वतः काढा आणि रूम टॅग खोल्यांची नावं आणि मापं दाखवायला ठेवा. घर घेणारा माणूस या आकड्यावर आयुष्यभराची कमाई लावतो, तेव्हा इथे घाई नको.

प्रिंट देण्याआधी पाच मिनिटं

1. रूम शेड्यूल उघडा. "नॉट प्लेस्ड", "नॉट एन्क्लोज्ड", "रिडंडंट" यातलं काही आहे का?
2. मॅनेज टॅबमधून वॉर्निंग्ज उघडा आणि रूमच्या वॉर्निंग्ज वाचा.
3. प्रत्येक प्लॅनमध्ये टॅग ऑल चालवा.
4. एक खोली निवडा, डायमेन्शन टाका, कॅल्क्युलेटरवर गुणाकार करा आणि टॅगशी जुळवा.
5. खोलीचं नाव म्हणून हाताने लिहिलेला टेक्स्ट दिसला तर तो काढा आणि खरा टॅग लावा.

ऑफिसमध्ये दोन-तीन जण एकाच प्रोजेक्टवर असाल तर ही यादी छापून भिंतीवर लावा.

तुमच्या फाइलमध्ये यापेक्षा वेगळं काही येत असेल तर व्हिडिओखाली लिहा. लिहिताना वॉर्निंगमधले शब्द जसेच्या तसे टाका, नुसतं "टॅग येत नाही" म्हटलं तर कारण सांगता येत नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत, तोपर्यंत सराव चालू ठेवा!