सान फ्रान्सिस्कोचं वार्तापत्र : कुत्रं मोकळं, मालक बांधलेला

आपल्या वेळापूर गावात कुत्र्याला पट्टा घालतो तो हौशी माणूस. धनगराचं कुत्रं मेंढरांमागं मोकळंच हिंडतं, आणि पेठेतल्या कुत्र्याला मालकच नसतो. त्यामुळे कुत्रं मोकळं सोडू द्या म्हणून सान फ्रान्सिस्कोतली नोकरदार माणसं वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करतात, असं गावाकडं फोनवर सांगितलं की पलीकडून आधी हसूच ऐकू येतं. पण या भांडणातून अमेरिका बरीच उलगडते.

शहराच्या नैऋत्य टोकाला फोर्ट फन्स्टन ही जुनी लष्करी जागा आहे. वाळूचे उंच कडे, खाली प्रशांत महासागर. सुटीच्या सकाळी गाड्यांची दारं उघडतात आणि कुत्री वाळूत उधळतात. एखाद्याबरोबर सहा-सहा कुत्री दिसतात. ती त्याची नव्हेत, कामावर गेलेल्यांची कुत्री फिरवणं हा त्याचा धंदा. शहराच्या जागांत एका वेळी चार ते आठ कुत्री न्यायची तर शहराचा परवाना लागतो. प्रत्येकाच्या खिशात पिशव्यांची गुंडाळी. कुत्रं बसलं की मालक वाट बघत उभा राहतो, मग पिशवी हातात चढवून वाकतो, उचलतो, गाठ मारतो. मोठ्या कंपनीच्या साहेबालाही यातून सूट नाही. मुलाकडं पहिल्यांदा आलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांना मात्र हे बघवत नाही.

ही जागा 1972 साली स्थापन झालेल्या ‘गोल्डन गेट नॅशनल रिक्रिएशन एरिया’त येते. म्हणजे जमीन शहरातली, पण कारभार केंद्राच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचा. या खात्याचा देशभरचा नियम असा की कुत्रं सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यानं बांधलेलं हवं. पण गावकरी आधीपासून कुत्री मोकळी सोडत होते, म्हणून 1979 साली ठरावीक जागांपुरती सवलत मिळाली. 2001 मध्ये खात्याला साक्षात्कार झाला की ही सवलतच बेकायदा आहे! दंडाच्या पावत्या फाटू लागल्या. काही मालकांनी दंड न भरता कोर्ट गाठलं. 2005 मध्ये न्यायमूर्ती विल्यम ऑल्सप यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. कुत्र्यांनी मोकळं असावं की नाही, यात ते शिरलेच नाहीत. एवढा वादग्रस्त बदल लोकांना जाहीर नोटीस न देता, त्यांचं म्हणणं न ऐकता करता येणार नाही, इतकंच त्यांनी सांगितलं.

मग खात्यानं रीतसर मसुदे काढले, हरकती मागवल्या. 2016 मध्ये नवा नियम प्रस्तावित झाला. तेवढ्यात मालकांनी इथल्या माहिती अधिकाराखाली कागद मागवले, आणि काही अधिकारी या विषयावर खासगी ईमेलवरून लिहीत होते हे बाहेर आलं. 2017 च्या अखेरीस खात्यानं प्रस्तावच गुंडाळला. 1979 ची सवलत अजून चालू आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. स्नोई प्लोव्हर नावाचा चिमणीएवढा पक्षी इथल्या वाळूत विसावतो. 1993 पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. कुत्री मागं लागली की तो सारखा उडत राहतो आणि दमतो. म्हणून याच उद्यानातल्या ओशन बीच आणि क्रिसी फील्डच्या काही भागांत वर्षाचे बरेच महिने पट्टा सक्तीचा असतो. त्यावरही कुरकुरणारे मालक मला हट्टी वाटतात.

न्यूयॉर्कनं वेगळी वाट काढली. तिथल्या अनेक बागांत रात्री नऊ ते सकाळी नऊ कुत्री मोकळी सोडायची तोंडी चाल वर्षानुवर्षं होती. त्यावर खटला झाला, शहर जिंकलं आणि 2007 मध्ये ती चाल लेखी नियमात आली.

हे सगळं परवडतं, कारण मुळात लस आहे. सान फ्रान्सिस्कोत कुत्र्याचा परवाना काढायला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. कुत्र्याकडून कुत्र्याला पसरणारा रेबीज अमेरिकेतून हटल्याचं 2007 मध्ये जाहीर झालं. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मात्र एकट्या भारतात होतात.

आपल्याकडं भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही 2023 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. आषाढीआधी माउलींची पालखी वेळापुरात मुक्कामाला येते, हजारो वारकरी उघड्यावर झोपतात. तेव्हा मंडळी, पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत कुत्र्यांच्या लसीकरणाचा विषय लेखी घालायला लावा, आणि ठरावाची प्रत मागून घ्या.